सोले काढणारी माय

अमरावतीत चित्र विकत घेणारा माणूस कसा असतो ते मला विचारा. तो सोफ्याच्या कापडाचा तुकडा खिशात घालून येतो. ज्योत्स्नाताईंच्या गॅलरीत उभा राहून तुकडा चित्राशेजारी धरतो, डोळे बारीक करतो आणि बायकोला म्हणतो, जमते का पाह्य. जमलं तर चित्र खपलं. पाण्यातून धावणारे सात घोडे बारमाही चालतात, फक्त तोंडं घराच्या आत पाहिजेत, वास्तुवाल्यानं तसं सांगितलेलं असतं. डोळे मिटलेला बुद्ध चालतो. राधाकृष्णही चालतात, पण कृष्ण फार निळा नको. त्याच इमारतीत खाली माझं फ्रेमचं दुकान आहे आणि या सगळ्या घोड्यांना चौकटी मीच ठोकून दिल्या आहेत. लोक म्हणतात, कुलदीपची जीभ तिखट आहे. असेल बापा. दिवसभर घोडेच पाहिले का माणूस गोड कुठून बोलणार?

शालिकराम आणि मी चित्रकलेच्या कॉलेजात एका बाकावर होतो. पुढं मी चौकटीकडे वळलो आणि तो चित्रातच राहिला. अकोटच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर झाला, चंदाशी लग्न केलं, आणि सुट्टीच्या दिवशी माणसं काढत बसला. माणसं म्हणजे आपली रोजची. जिनिंगमध्ये कापसाच्या रेच्यावर बसणारी बाई, पानठेल्यावरचा म्हातारा, एसटीचा कंडक्टर. खऱ्या माणसाएवढी मोठी, समोर पाहणारी. दरवर्षी दोनचार चित्रं गुंडाळून तो ज्योत्स्नाताईंकडे यायचा आणि दरवर्षी त्या चहा पाजून त्याला परत पाठवायच्या. बाई वाईट नाही. वकिलाच्या घरातली सून, घरच्यांच्या विरोधात जाऊन गॅलरी काढली आणि चालवून दाखवली. तिनं त्याला तोंडावर सांगितलं होतं, की दुसऱ्याची माय आपल्या हॉलमध्ये कोण लावते, तूच सांग.

त्याची स्वतःची माय मात्र त्यानं कधी काढली नव्हती. तिनं काढू दिली नव्हती. गोदाबाईचा हिशेब साफ होता: भिंतीवर फोटो मेलेल्याचा असतो. घरात जानरावांचा, म्हणजे शालिकरामच्या वडिलांचा, एक फोटो होता, चंदनाच्या सालीचा हार घातलेला, आणि भिंतीवर दुसरं कोणी नव्हतं. लग्नाकार्यात फोटोवाला आला का ही बाई स्वयंपाकघरात पळायची. आणि पोराच्या चित्रांचं म्हणाल, तर सुपातल्या तुरीवरून मान वर न करता म्हणायची, चांगलं हाय. तिनं तीस वर्षांत त्याचं एक चित्र नीट उभं राहून पाहिलं नाही. शालिकराम हसून सांगायचा, पण ते त्याला लागायचं, हे मला माहीत आहे. एकदा त्यानं कबूलही केलं. विकलं जावो न जावो, मायनं एकदा आपल्या चित्रासमोर उभं राहून पाहावं, एवढंच त्याला हवं होतं.

मागच्या हिवाळ्यात ती कशी काय तयार झाली, देव जाणे. अट एकच घातली. "लोकाइच्या भित्तीवर लाव, आपल्या नोको." मग तुरीच्या शेंगांचा पूर्ण हंगाम ती अंगणात सोले, म्हणजे ओले दाणे, काढत बसली आणि हा समोर कॅनव्हास लावून बसला. त्याची एक जुनी खोड अशी, की चित्र भिंतीवर लागेपर्यंत तो समोर बसणाऱ्याला दाखवत नाही. म्हणतो, अर्धवट पाहिलं का माणूस तोंड सांभाळून बसते, मग ते तोंड त्याचं राहत नाही. गोदाबाईनं एकदोनदा मागून डोकावायचा प्रयत्न केला तर यानं कपडा टाकला. ती म्हणाली, ठेव बाबा झाकून, लोकाइच्या गावातच पाहीन.

मला त्याचा एक दिवस फोन आला. नमस्कार नाही, कसा आहेस नाही. "हात जमले बे," म्हणाला आणि फोन ठेवून दिला. मी अकोटला जाऊन ते पाहिलं. पाच फूट उंच चित्र. कपाळावर हिरवं गोंदण, डोळे थोडे चिडलेले, जणू आता उठून विचारेल, काय पाहून राहिला रे? आणि मांडीवर सुपात हात. एका हाताच्या अंगठ्यानं शेंग उकलली आहे, हिरवे दाणे निसटून राहिले आहेत, दुसरा हात खाली धरलेला. कष्ट करून वाकलेली ती बोटं त्यानं अशी काढली होती, की ती सारखी हलल्यासारखी वाटत. तोंडापेक्षा ते हात म्हणजेच गोदाबाई होती.

ज्योत्स्नाताईंना मीच गाडीत घालून अकोटला नेलं, गोदाबाई तेव्हा भाचीकडं गेली होती. त्या चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, आठ दिवस गॅलरी तुझी. फक्त एक ध्यानात ठेव, माझ्याकडे जे लागतं ते विकाऊ असतं, ही शाळेची प्रदर्शनी नाही. शालिकराम हो म्हणाला. दुसऱ्याची माय कोण विकत घेते, हे तर त्यांनीच त्याला शिकवलं होतं. त्या भरवशावर तो हो म्हणाला.

आता उद्घाटनाचं ऐका. आपल्याकडं कोणताही कार्यक्रम असो, दुकान असो का बोअरवेल, आधी दीपप्रज्वलन आणि प्रतिमापूजन. गॅलरीत त्यासाठी एक सरस्वती ठेवलेली असते. पण ती सरस्वती आदल्याच दिवशी एका कोचिंग क्लासवाल्यानं विकत घेऊन नेली, आणि ताईंनीही दिली, धंदा तो धंदा. म्हणाल्या, नुसता दिवा लावू, हार पाहुण्याला होईल. इकडे शालिकरामचं मोठं चित्र प्लायच्या भिंतीला पेलेना. खिळा धरेना. शेवटी ताईंनी ते दारासमोरच स्टँडवर उभं करायला लावलं, आलेल्या माणसाला पहिलं तेच दिसावं म्हणून. त्यांचा हेतू चांगलाच होता. त्याच्यासमोर समईचं टेबल, टेबलावर ताट, ताटात कुंकू आणि झेंडूचा जाडजूड हार. चित्रावर यानं कपडा टाकून ठेवला होता, पाहुणे यायच्या वेळी काढला.

गोदाबाई नवं लुगडं नेसून चंदासोबत एसटीनं आली होती. मी तिला पहिल्या रांगेत बसवलं, पण तिथून टेबल आणि माणसं आडवी येत होती. शालिकराम तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, कार्यक्रम होऊ दे माय, मग तुला एकटीला दाखवतो. तिनं मान हलवली. पदर सारखा करत होती. इतकी सावरून बसलेली ती मी कधी पाहिली नव्हती.

पाहुणे होते भाऊसाहेब. एका मोठ्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष, पूर्ण नाव सांगून उपयोग नाही. ते आले ते एका शोकसभेतून सरळ आले, आणि पुढं एक लग्न होतं. मागं पंधरावीस माणसं. दारातून आत पाऊल टाकलं, समोर समई, ताटात हार, आणि मागं म्हाताऱ्या बाईची मोठी तसबीर. माणसाचा हात सवयीनं चालतो. भाऊसाहेबांनी चपला काढल्या, समई लावली, अंगठ्यानं कुंकू घेऊन चित्राच्या कपाळावर, बरोबर गोंदणावर, टेकवलं, आणि हार घेऊन चित्राला घातला. दोन पावलं मागं सरून डोळे मिटले, हात जोडले. मागच्या सगळ्यांनी हात जोडले. हे पाहून खुर्च्यांवरचे उठले. निवेदन करणारी पोरगी गडबडून माइकवर म्हणाली, सर्वांनी कृपया उभं राहावं.

गोदाबाई उभी राहिली. सगळे उभे होते म्हणून उभी राहिली आणि सगळ्यांनी हात जोडले म्हणून तिनंही जोडले. माणसांच्या फटीतून तिला चित्रातलं कुंकू लावलेलं कपाळ दिसलं असावं. जानराव जाऊन किती वर्षं झाली होती. तिचा एक हात सुटून आपल्या कपाळाकडं गेला, तिनं कपाळ चाचपलं आणि बोटं पाहिली.

साऱ्या हॉलमध्ये एकट्या शालिकरामनं हात जोडले नव्हते. तो पुढं झाला, "साहेब, ती माही माय..." एवढं बोलला आणि पाहुण्याला मधेच टोकू नये म्हणून ज्योत्स्नाताईंनी त्याचं कोपर धरलं. भाऊसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे ओले होते, नाटक नव्हतं ते. मी मागून ओरडत पुढं निघालो तर त्यांच्या एका माणसानं मला छातीवर हात लावून थांबवलं, नंतर, नंतर म्हणाला. मग भाऊसाहेब माइकवर आले. म्हणाले, ही माउली आज आपल्यात नाही, पण लेकानं तिला रंगांतून जिवंत ठेवलं. स्वतःच्या आईची आठवण सांगितली. बायका रडल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि टाळ्या थांबायच्या आत त्यांनी जाहीर केलं, की संस्थेच्या नव्या मातृस्मृती सभागृहात हेच चित्र लागेल. सभागृहाचं उद्घाटन दुसऱ्याच दिवशी होतं. विकलेलं चित्र प्रदर्शन संपेपर्यंत हलत नाही हा ज्योत्स्नाताईंचा कडक नियम, पण भाऊसाहेबांपुढं कसला नियम घेऊन बसता? त्यांच्या माणसांनी हारासकट चित्र उचललं आणि जिन्यानं खाली नेलं. शालिकराम चित्राच्या मागं मागं गाडीपर्यंत गेला. मी त्याला हाका मारल्या, त्यानं वळून पाहिलं नाही.

चंदानं मात्र ताईंना गाठलंच. माही सासू त्या खुर्चीवर बसली हाय, म्हणाली. ताईंचा चेहरा पडला. त्यांनी गोदाबाईला कधी पाहिलंच नव्हतं. बाई जिवंत आहे एवढं ठाऊक होतं, समोर बसली आहे हे नव्हतं. मला काय वाटलं सांगू? मला त्यांचा गळा धरावासा वाटला. पण त्या खाली मान घालून रडत होत्या, मग काय धरता? त्यांनी संस्थेत फोन केला. दोनचार दिवसांनी भाऊसाहेबांना खरं कळलंही. ते फार हळहळले, माउलीला शंभर वर्षं आयुष्य लाभो म्हणाले. पण सभागृहाच्या नावाचा दगड बसला होता, पेपरात फोटो आला होता, आणि त्यांचं म्हणणं असं, की चित्र आता एका आईचं राहिलं नाही, सगळ्यांच्या आईचं झालं. शिव्या द्याव्या तर तो माणूस पायाही पडायला तयार होता. फक्त चित्र द्यायला तयार नव्हता.

उद्घाटनाच्या संध्याकाळी गोदाबाई माझ्या दुकानात चहा घेत बसली होती. कोणावर रागावली नाही. मला म्हणाली, "मले कोनं पाहूच नाई देल्लं रे. सारे आडवे उभे होते, आन वरून हार."

पेपरातल्या फोटोखाली छापलं होतं, दिवंगत मातेस अभिवादन. अकोटला माणसं भेटायला येऊ लागली आणि दार गोदाबाईच उघडायची. अंजनगाव सुर्जीच्या तिच्या भाचीनं फोनवर गळा काढला, हिनं तिला दटावलं, रडू नोको व, मी जित्ती हावो. आधी आधी तिला मजा वाटली. मग मजा ओसरली. बायका तिच्याकडे पाहून पदर तोंडाला लावायच्या. कोणी म्हणालं, हार घातला का आयुष्य वाढते. कोणी काही म्हणालं नाही, नुसतं पाहिलं. पाय सुजू लागले होते, ते तसेही सुजलेच असते, पण ती म्हणायची, आता वाट पाहून राहिले असतील तिकडं. शालिकरामनं मोबाइलवर चित्र दाखवलं तर तिनं ते लांब धरलं, जवळ धरलं आणि परत दिलं. एवढूशात काय दिसते, मुंगी दिसते. पुन्हा समोर बस म्हटलं तर बसेना. एकदा हार पडला, आता दुसऱ्यांदा कशाले. त्यानं आठवून काढायचा प्रयत्न केला. चेहरा आला, हात आले नाहीत. ते कॅनव्हास त्यानं माझ्यासमोर उलटं करून ठेवलं.

मग तो सुट्टीच्या दिवशी अमरावतीला यायला लागला. सभागृहात जायचा, स्टुलावर चढायचा, सुकलेला हार काढून बाहेर टाकायचा. म्हणायचा, एकदा का हे बंद झालं, का मायला घेऊन येतो. पण तो गेला का शिपाई नवा हार घालायचा. असं काही दिवस चाललं. शेवटी कोणीतरी तक्रार केली, की एक माथेफिरू माणूस माउलीची विटंबना करून राहिला आहे. तेव्हा संस्थेनं ठरवलं, की चित्राला काचेची पेटी करायची आणि चंदनाच्या सालीचा हार आतच कायमचा बसवून टाकायचा. काम माझ्याकडं आलं. मी नाही म्हटलं, आणि आणखीही बरंच काही म्हटलं. माझ्या नाही म्हणण्यानं काय होते? चार दुकानं सोडून दुसऱ्यानं करून दिलं, आणि चांगलं करून दिलं.

गॅलरीचं काय झालं विचाराल, तर गॅलरी जोरात चालली. भाऊसाहेबांच्या सभागृहातलं चित्र पाहून लोक ज्योत्स्नाताईंकडे यायला लागले, गेलेल्या आईचा, गेलेल्या बापाचा फोटो घेऊन. अशीच काढून द्या, अशीच मोठी, अशीच पाहणारी. सोफ्याचा तुकडा आता कोणी आणत नाही. शालिकराम काढून देतो. चंदाच्या सांगण्यावरून सुरू केलं आणि मग सुटलं नाही. ताई म्हणतात, बघ, शेवटी दुसऱ्यांच्या माया विकल्या गेल्याच की. तो हं म्हणतो. त्याच्या खोलीत आता नुसते फोटो असतात. जिवंत माणूस समोर बसवून त्यानं पुन्हा एकही चित्र काढलेलं मी पाहिलं नाही.

उन्हाळा लागता लागता गोदाबाईनंच विषय काढला. पाय आणखी चालतील असं वाटत नाही, म्हणाली, तो हार राहो का जावो, मले नेऊन आन. शालिकराम टाळत होता. शेवटी तिला आणलीच. एसटी स्टँडवरून मी दोघांना गाडीत घातलं आणि सभागृहाशी नेलं.

दुपारची वेळ होती, सभागृह रिकामं. कुलर बंद, खुर्च्यांना प्लास्टिक घातलेलं. शिपाई नवा होता, त्यानं शालिकरामला ओळखलं नाही. तो आम्हाला म्हणाला, चपला बाहेर काढा. गोदाबाईनं भिंतीला धरून चपला काढल्या आणि माझ्या आधारानं हळूहळू आत आली.

समोर ती होती. काचेत, वर लाल बल्ब, गळ्यापासून मांडीपर्यंत चंदनाचा हार, इतका रुंद की सूप आणि हात त्याच्या मागं बुडालेले. गोंदणावरचं कुंकू तसंच होतं. शालिकराम काचेकडं पाहत नव्हता. तो मायकडं पाहत होता. तीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते होऊन राहिलं होतं: ती त्याच्या चित्रासमोर उभी होती आणि नीट, मान वर करून पाहत होती.

"हे तं माही माय दिसते रे," ती म्हणाली. मग काचेजवळ वाकून, "हातात काय काढलं तू?"

"सोले, माय."

"दिसून नाई राहिले."

शालिकरामनं शिपायाला विचारलं, हे थोडं उघडता येईल का, एक मिनिटासाठी. शिपाई माणूस बरा होता, त्यानं मागं जाऊन पाहिलंसुद्धा. पेटीला चारी बाजूंनी स्क्रू मारून वर चिकटपट्टी लावली होती. तो म्हणाला, उघडलं तर माही नोकरी जाईन, पहिले एक येडा हार काढून न्यायचा, तवापासून असं हाय. गोदाबाई म्हणाली, राहू दे बाबा. मग शालिकरामनं तिचे हात आपल्या हातात घेतले. डाव्याचा पंजा वाटीसारखा वळवून खाली धरला, उजव्याचा अंगठा बोटावर टेकवला, जसा शेंग उकलताना असतो तसा, आणि म्हणाला, असे काढले होते. ती आपल्या हातांकडं पाहत राहिली. मी खिडकीपाशी गेलो, मला तिथं उभं राहवेना.

शिपाई किल्ल्या वाजवत आला. जेवायची सुट्टी झाली होती, कुलूप लावायचं होतं. तो म्हणाला, माउलीच्या पाया पडून घ्या आणि निघा. गोदाबाईनं वळवलेले हात सोडले आणि काचेपुढं जोडले, जशी कोणत्याही देवळात जोडते तशी. मग शालिकरामला कोपरानं ढोसलं, लहानपणी ढोसत असेल तसं, आणि म्हणाली, "जोड न रे. तो थांबून हाय."

आणि माय शेजारी उभी असताना शालिकरामनं मायच्या फोटोला हात जोडले.